कोरियातला स्फोट सोलापूरच्या जमिनीला कसा कळतो?

३ सप्टेंबर २०१७, रविवार. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजता उत्तर कोरियातल्या पुंगे-री इथे मंताप डोंगराखाली अणुस्फोट झाला. तिथून सोलापूर साधारण ५,७०० किलोमीटर. पृथ्वीच्या पोटातून येणाऱ्या पहिल्या लहरीला एवढं अंतर कापायला सुमारे ९ मिनिटं लागतात. म्हणजे ९ वाजून ९ मिनिटांच्या सुमारास सोलापूरखालचा काळा पाषाण वरखाली हलला. किती हलला? त्या स्फोटाची तीव्रता ६.१ धरून हिशेब मांडला तर पाव मायक्रॉनच्या आसपास. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाला हे जाणवायचं कारणच नाही, पण शांत जागी बसवलेल्या भूकंपमापकावर हा धक्का ठसठशीत उमटतो.

याच डोंगराळ भागातली पहिली चाचणी ९ ऑक्टोबर २००६ ची. तिची तीव्रता ४.१ होती, आणि या मापात दोन अंकांचा फरक म्हणजे हालचालीत शंभरपटीचा फरक. म्हणून तेव्हा सोलापूरच्या अंतरावर जमीन अवघी अडीच नॅनोमीटर हलली असणार. गावात बसवलेल्या कुठल्याही यंत्रावर ती दिसली नसती. तरीही जगभरातल्या २२ भूकंपकेंद्रांनी तो स्फोट पकडला आणि त्याची जागा ठरवली. अणुचाचण्या टिपण्यासाठी उभारलं जाणारं जागतिक जाळं त्या वेळी निम्म्याहून थोडंच अधिक उभं राहिलं होतं.

एवढी बारीक हालचाल टिपणारं यंत्र बनवणं हा यातला तुलनेनं सोपा भाग. ज्या नोंदीवर कुणालाही बोट ठेवता येणार नाही अशी नोंद मिळवायची आणि ती एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या देशांनासुद्धा सारखीच द्यायची, हे खरं कठीण काम. त्याला जवळजवळ चाळीस वर्षं लागली.

भूकंप की सुरुंग?

सोलापूर, बार्शी, तुळजापूर, धाराशिव या पट्ट्यात जमीन थरथरली किंवा मोठा आवाज झाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: भूकंप झाला, कुठल्या खाणीत सुरुंग उडवला, की वरून लढाऊ विमान ध्वनीचा वेग ओलांडून गेलं? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेला किल्लारीचा भूकंप इथे कुणी विसरलेलं नाही, त्यामुळे शंका आधी तिकडेच जाते. अणुचाचणी ओळखणाऱ्यांपुढचा प्रश्नही हाच आहे. फक्त त्यांना तो हजारो किलोमीटर लांबून सोडवायचा असतो.

किल्लारीचंच उदाहरण घेऊ. पृथ्वीच्या आतून जाणाऱ्या लहरींवरून काढलेली त्या भूकंपाची तीव्रता ६.३ होती. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं २०१७ च्या कोरियन चाचणीलाही ६.३ हाच आकडा दिला (वर धरलेला ६.१ दुसऱ्या मोजणीचा). आकडा सारखा असूनही एक भूकंप आणि दुसरा स्फोट हे छातीठोकपणे सांगता येतं. कसं, ते समजण्यासाठी जमिनीत काय घडतं ते पाहावं लागेल.

भूकंपात खडकाच्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर घासून सरकतात. त्यामुळे भोवतालचा खडक काही दिशांना दाबला जातो, तर काही दिशांना ओढला जातो. सरकण्यामुळे कातरणाऱ्या लहरी, म्हणजे एस लहरी, भरपूर तयार होतात. स्फोटात खडक एका जागेपासून सगळ्या बाजूंना बाहेर ढकलला जातो. इथे दाबाच्या पी लहरी जोरकस असतात आणि एस लहरी त्या मानानं दुबळ्या. निखळ गोलाकार स्फोटातून तर एस लहरी निघायलाच नकोत. पण खडकात आधीच्या भेगा असतात, त्यात साठलेला ताण स्फोटानं मोकळा होतो आणि जमिनीच्या पृष्ठभागावर आपटून पी लहरींचं काही प्रमाणात एस लहरींत रूपांतर होतं, म्हणून थोड्या सापडतातच.

यातून पहिली कसोटी निघते. सेकंदाला चार ते आठ कंपनं किंवा त्याहून जलद अशा पट्ट्यात पी आणि एस यांच्या उंचीचं गुणोत्तर काढायचं. स्फोटात ते मोठं येतं, भूकंपात लहान. काही शे ते हजारभर किलोमीटरच्या अंतरात हीच कसोटी सगळ्यात भरवशाची ठरली आहे. मात्र तिच्यासाठी जवळपास केंद्र हवं, कारण जलद कंपनं लांबवर टिकत नाहीत.

दुसरी कसोटी जुनी आणि साधी. पोटातल्या लहरींवरून काढलेली तीव्रता आणि पृष्ठभागावरून रेंगाळत जाणाऱ्या, सुमारे २० सेकंदांचा आवर्तनकाळ असलेल्या लांब लहरींवरून काढलेली तीव्रता शेजारी ठेवायची. किल्लारीच्या बाबतीत पहिली ६.३ आणि दुसरी ६.२, म्हणजे जवळपास बरोबरी. कारण भूकंपात काही किलोमीटर लांबीची भेग काही सेकंद सरकत राहते आणि त्यातून लांब लहरी निघतात. स्फोटाचा उगम लहान आणि काम क्षणात संपणारं, त्यामुळे पृष्ठलहरींवरची तीव्रता एखाद्या अंकानं खाली राहते. २०१७ च्या चाचणीत ती एकाहून अधिक अंकानं खाली होती.

तिसरी कसोटी पहिल्या हालचालीच्या दिशेची. स्फोटाची पहिली लहर प्रत्येक केंद्रावर जमीन वर ढकलते. भूकंपात काही केंद्रांवर वर, काही केंद्रांवर खाली. कागदावर ही कसोटी देखणी आहे, पण प्रत्यक्षात लहान घटनेची पहिली हालचाल गोंगाटात बुडून जाते आणि वर की खाली यावर जाणकारांचंही एकमत होत नाही.

राहिली खोली. माणसानं खोदलेलं सगळ्यात खोल छिद्र रशियातल्या कोला इथलं, १२,२६२ मीटर. अणुचाचणीसाठी कुणी एवढं खोल जात नाही. सर्वसाधारण ठोकताळा असा की स्फोटाच्या किलोटनमधल्या ताकदीच्या (१ किलोटन म्हणजे १,००० टन टीएनटी या स्फोटकाएवढी ऊर्जा) घनमुळाला सुमारे १२० मीटरनं गुणायचं: १ किलोटनसाठी १२० मीटर, १२५ किलोटनसाठी ६०० मीटर. तेव्हा केंद्र २० किंवा ५० किलोमीटर खोल निघालं की तो भूकंपच, विषय संपला. उलट बाजूनं मात्र ही कसोटी चालत नाही. किल्लारीचं केंद्र काही किलोमीटरच खोल होतं, नुसत्या खोलीवरून त्याचा निकाल लागला नसता.

खाणीतले सुरुंग ही स्वतंत्र डोकेदुखी. सोलापूरच्या आसपास खडी क्रशरसाठी दगड फोडताना सगळी छिद्रं एकदम उडवत नाहीत. एका ओळीनंतर दुसरी, मध्ये काही मिलिसेकंदांचा अवकाश ठेवतात, म्हणजे दगड नीट फुटतो आणि शेजारच्या घरांना हादरा कमी बसतो. या ठरावीक अवकाशामुळे नोंदीच्या कंपनपटात (कुठली कंपनं किती जोरकस ते दाखवणाऱ्या चित्रात) समान अंतरावर पट्टे उमटतात. पट्टे दिसले, वेळ कामाच्या तासांतली आहे आणि उपग्रहाच्या चित्रात तिथे खाण आहे, एवढं जुळलं की घटना बाजूला काढता येते.

किती किलोटन?

घट्ट, जुन्या खडकासाठी सर्रास वापरलं जाणारं सूत्र असं: तीव्रता = ४.४५ + ०.७५ × किलोटनचा लॉग. १ किलोटनचा लॉग शून्य, म्हणून तीव्रता ४.४५. १० किलोटनसाठी ५.२. १०० किलोटनसाठी ५.९५. उलट दिशेनं गेलं तर ६.१ तीव्रतेतून सुमारे १६० किलोटन निघतात.

मेख त्या ४.४५ मध्ये आहे. हा आकडा कझाकस्तानातल्या सेमिपालातिन्स्कसारख्या थंड, घट्ट कवचाला लागू पडतो. अमेरिकेतल्या नेवाडाच्या चाचणीमैदानाखालचं प्रावरण (कवचाखालचा खडकाचा जाड थर) गरम, लहरी शोषून घेणारं. तिथे तेवढ्याच स्फोटाची तीव्रता ०.४ च्या आसपास कमी भरते. ०.४ ऐकायला किरकोळ वाटतं, पण किलोटनमध्ये तो तिपटीहून जास्त फरक आहे. १९७४ च्या करारानं अमेरिका आणि सोव्हिएत संघानं स्वतःवर १५० किलोटनची मर्यादा घातली होती. त्यानंतर कित्येक वर्षं अमेरिकेत आरडाओरडा चालला होता की सोव्हिएत लोक मर्यादा मोडताहेत. नेवाडाचं सूत्र सेमिपालातिन्स्कला लावलं की तसंच दिसायचं. भूकंपशास्त्रज्ञ चूक दाखवत होते, पण खात्री पटवायला एकमेकांच्या मैदानावर जाऊन मोजण्याशिवाय इलाज नव्हता. त्याबद्दल पुढे येईलच.

आपल्याकडचं उदाहरण ११ मे १९९८ चं. पोखरणला दुपारी पावणेचारच्या सुमारास तीन स्फोट एकाच वेळी झाले. परदेशी केंद्रांनी काढलेली तीव्रता ५.२ च्या आसपास, म्हणजे वरच्या सूत्रानं १० किलोटन, आणि सगळी गणितं धरून १० ते २०. भारताचा अधिकृत आकडा ५५ ते ६० किलोटनच्या घरातला. भाभा अणुसंशोधन केंद्राचं म्हणणं असं की सुमारे किलोमीटरभर अंतरावरचे दोन मोठे स्फोट एकाच क्षणी झाले, त्यामुळे काही दिशांना लहरींनी एकमेकींना खोडलं आणि जगभरची सरासरी खाली आली. हा वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. मिटवायला हवी ती माहिती, म्हणजे तिथल्या खडकाचे तपशील आणि जवळच्या नोंदी, पूर्णपणे खुली झालेली नाही.

गोंगाट हाच खरा शत्रू

पृथ्वी कधीच स्थिर नसते. समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर आपटतात आणि त्यांची ५ ते १० सेकंदांची थरथर सोलापूरसारख्या समुद्रापासून लांबच्या गावातही पोहोचते. पावसाळ्यात ती वाढते. त्यावर माणसाचा गोंगाट: रेल्वे, महामार्गावरचे ट्रक, बोअरचे पंप. अडीच नॅनोमीटरची लहर यातून शोधणं म्हणजे यंत्रमागाच्या शेडमध्ये उभं राहून पलीकडच्या टोकाला कुजबुजणाऱ्याचं बोलणं ऐकणं.

म्हणून जागेची निवड हेच अर्धं काम. काळ्या मातीवर यंत्र बसवायचं नाही: ती हादरे वाढवते आणि भिजल्यावर फुगते, सुकल्यावर भेगाळते, त्यामुळे यंत्र हळूहळू कलतं. माती काढून अखंड पाषाणापर्यंत जायचं, आणि मुरुमावर समाधान मानायचं नाही. झाडं आणि विजेचे खांब लांब हवेत, कारण वारा त्यांना हलवतो आणि ते जमिनीला. लांब लहरी मोजणाऱ्या यंत्राला तापमानातला चढउतार सोसत नाही. उन्हाळ्यात ४० अंशांच्या पुढे जाणाऱ्या प्रदेशात ते जमिनीखाली, शक्यतो खोल बोअरमध्ये उतरवतात. आणि घड्याळ उपग्रहावरून लावलेलं हवं. पी लहर प्रावरणात सेकंदाला ८ किलोमीटर धावते. घड्याळ एका सेकंदानं चुकलं की स्फोटाची जागा तितकीच सरकते.

एवढं करूनही एकटं यंत्र अपुरं पडतं. मग एकाच जागी अनेक यंत्रं पसरून बसवतात. लांबून आलेली लहर सगळ्यांवर सारख्याच रूपात, पण थोड्या थोड्या फरकानं पोहोचते. प्रत्येक नोंद तेवढी मागेपुढे सरकवून बेरीज केली की लहर ठळक होते आणि गोंगाट, जो प्रत्येक यंत्राखाली वेगळा असतो, आपापसात खोडला जातो. फायदा यंत्रांच्या संख्येच्या वर्गमुळाएवढा: २० यंत्रांनी साडेचारपट, म्हणजे तीव्रतेच्या मापात ०.६५ नं खालची घटना दिसू लागते. शिवाय लहर कुठल्या दिशेनं आली हे एका जागेवरून कळतं.

असा संच आपल्या शेजारच्या राज्यात आहे. कर्नाटकातल्या गौरीबिदनूरला १९६५ मध्ये ब्रिटनच्या सहकार्यानं इंग्रजी एल अक्षराच्या आकारात २० भूकंपमापक पसरून बसवले गेले. सोलापूरहून ते पाचशे किलोमीटरच्या आत आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र तो चालवतं. स्कॉटलंडमधलं एस्कडेलम्यूर, कॅनडातलं यलोनाइफ आणि ऑस्ट्रेलियातलं वारामुंगा ही त्याची भावंडं. ती तिघं आज आंतरराष्ट्रीय जाळ्यात आहेत, गौरीबिदनूर नाही.

चाळीस वर्षांची खटपट

१९ सप्टेंबर १९५७ ला अमेरिकेनं नेवाडात रेनियर नावाची चाचणी केली, पूर्णपणे जमिनीखाली कोंडलेली पहिली, १.७ किलोटनची. तोवर चाचण्यांचा पत्ता हवेतल्या किरणोत्सारी धुळीवरून लागायचा. आता तो मार्ग बंद होण्याची शक्यता दिसली. पुढच्याच उन्हाळ्यात जिनिव्हाला दोन्ही गटांचे तज्ज्ञ बसले आणि त्यांनी जगभर १६० ते १७० जमिनीवरच्या केंद्रांची कल्पना मांडली. आजच्या जाळ्यात प्राथमिक आणि पूरक मिळून १७० भूकंपकेंद्रं आहेत. आकड्यांचा हा मेळ गमतीचाच.

मात्र तेव्हा ते जमलं नाही. आमच्या देशात परक्यांची केंद्रं नकोत, हा सोव्हिएत आक्षेप, आणि तपासणीशिवाय विश्वास नाही, हा अमेरिकेचा. त्यामुळे १९६३ च्या करारात हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अवकाशातल्या चाचण्यांवर बंदी आली, जमिनीखालच्या सुटल्या. पण त्या वादातून एक मोठं काम झालं. अमेरिकेनं साठच्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे १२० ठिकाणी एकसारखी यंत्रं बसवून दिली. पुणे, दिल्ली, शिलाँग आणि कोडाईकनाल ही भारतातली. उद्देश अणुचाचण्यांचा होता, हाती लागला भूकंपांचा नेमका नकाशा. भूपट्टांचा सिद्धान्त पक्का होण्यात त्या नोंदींचा मोठा वाटा आहे.

१९७६ मध्ये स्वीडनच्या पुढाकारानं जिनिव्हात वैज्ञानिक तज्ज्ञांचा गट बसला. या गटाचं श्रेय फारसं कुणी सांगत नाही, पण आजचं जाळं त्यांनीच घडवलं. करार होईल की नाही याची वाट न पाहता त्यांनी १९८४, १९९१ आणि १९९५ मध्ये जागतिक तालमी घेतल्या. कुठल्या देशानं काय पाठवायचं, कुठल्या स्वरूपात, किती वेळात. पहिल्या तालमीत देश लहरींच्या वेळा आणि उंची अशी वाचलेली मापं पाठवायचे. त्यातून धडा मिळाला की दुसऱ्यानं वाचलेल्या आकड्यांवर कुणी भरवसा ठेवत नाही, अखंड कच्ची नोंदच हवी.

दरम्यान १९८६ मध्ये एका खासगी अमेरिकी संस्थेनं सोव्हिएत विज्ञान अकादमीशी थेट करार करून सेमिपालातिन्स्कच्या परिसरात भूकंपमापक बसवले. सरकारांना जे तीस वर्षांत साधलं नाही ते शास्त्रज्ञांनी केलं. १९८८ मध्ये सरकारंही हलली: १७ ऑगस्टला नेवाडात आणि १४ सप्टेंबरला सेमिपालातिन्स्कला प्रत्येकी एक स्फोट, दोन्हीकडे समोरच्या पक्षाचे तज्ज्ञ यंत्रांसह हजर. तिपटीचा तो वाद तिथे मिटला.

आजचं जाळं कसं चालतं

सर्वंकष अणुचाचणी बंदी करार २४ सप्टेंबर १९९६ ला सह्यांसाठी खुला झाला. त्याच्या संघटनेचं मुख्यालय व्हिएन्नात आहे. करारानं ठरवलेल्या ३३७ सुविधांपैकी ३०० हून अधिक उभ्या आहेत. त्यांत ५० प्राथमिक भूकंपकेंद्रं अखंड नोंद पाठवतात, १२० पूरक केंद्रं मागितल्यावर. समुद्रातल्या आवाजासाठी ११, हवेतल्या कानाला न ऐकू येणाऱ्या मंद ध्वनीसाठी ६०, किरणोत्सारी कणांसाठी ८० केंद्रं आणि १६ प्रयोगशाळा.

केंद्र यजमान देशाच्या जमिनीवर, त्याच देशाचे लोक चालवणार. मग नोंदीत फेरफार होणार नाही कशावरून? उत्तर असं की यंत्रातून बाहेर पडतानाच नोंदीवर डिजिटल सही होते. एक आकडा बदलला तरी सही जुळत नाही. झाकण उघडलं तर सूचना व्हिएन्नाला जाते. प्राथमिक केंद्र वर्षातला ९८ टक्के वेळ चालू हवं, हा निकष आहे.

व्हिएन्नातलं केंद्र आधी संगणकाकडून यादी काढतं. पहिली कच्ची यादी साधारण दोन तासांत तयार होते, मग उशिरा आलेल्या नोंदी घेऊन आणखी दोन फेऱ्या. त्यानंतर विश्लेषक एकेक घटना डोळ्यांनी तपासतात आणि दहाएक दिवसांत पक्की यादी निघते. संगणक सर्रास फसतो: एका भूकंपाच्या दोन लहरींना दोन वेगळ्या घटना समजतो, किंवा दोन खंडांतल्या असंबद्ध लहरी जोडून मध्येच कुठेतरी खोटी घटना उभी करतो. त्या पुसणं हे विश्लेषकाचं रोजचं काम.

आता यातली सगळ्यात हुशारीची तरतूद. हे केंद्र 'ही अणुचाचणी होती' असं कधीच जाहीर करत नाही. कच्ची नोंद आणि यादी ते सगळ्या सदस्य देशांना देतं, निष्कर्ष ज्याचा त्यानं काढायचा. छोट्या देशाला महासत्तेच्या शब्दावर विसंबावं लागत नाही आणि संघटनेवर पक्षपाताचा आरोप चिकटत नाही.

जिथे गाडी अडते

१६ ऑगस्ट १९९७ ला रशियाच्या नोवाया झेमल्या या जुन्या चाचणीमैदानाच्या बाजूला सुमारे ३.३ तीव्रतेची घटना नोंदली गेली. अमेरिकेत गुप्त चाचणीची बोंब उठली. नॉर्वे, फिनलंड आणि आसपासच्या नोंदी एकत्र केल्यावर कळलं की जागा मैदानावर नसून सव्वाशेहून अधिक किलोमीटर लांब, कारा समुद्राखाली होती, आणि काही तासांनी तिथेच दुसरा छोटा धक्काही बसला होता. भूकंपच तो.

उत्तर कोरियाच्या सुरुवातीच्या चाचण्यांत वर सांगितलेली दुसरी कसोटी काठावर गेली. तिथल्या पृष्ठलहरी अपेक्षेपेक्षा मोठ्या होत्या आणि भूकंप आणि स्फोट वेगळे करणाऱ्या ठरलेल्या रेषेनुसार त्या घटना ठामपणे स्फोटांत बसेनात. पी आणि एस यांच्या गुणोत्तरानं मात्र निर्विवाद निकाल दिला, आणि जुनी रेषा पुढे सुधारावी लागली.

मुद्दाम लपवायचं तर? मोठ्या पोकळीच्या मध्यभागी स्फोट केला तर दाब भिंतीपर्यंत पोहोचेस्तोवर विरतो. अमेरिकेनं हे मिसिसिपीतल्या मिठाच्या थरात करून पाहिलं. १९६४ मध्ये ५.३ किलोटनचा सॅमन स्फोट, त्यातून पोकळी झाली, आणि १९६६ मध्ये त्याच पोकळीत ०.३८ किलोटनचा स्टर्लिंग. लहरी सुमारे ७० पटीनं कमी झाल्या, म्हणजे तीव्रता १.८ नं खाली. या हिशेबानं १ किलोटनचा स्फोट ४.४५ ऐवजी २.६ चा दिसेल. पण त्यासाठी मिठात सुमारे २५ मीटर त्रिज्येची पोकळी हवी. म्हणजे ६५ हजार घनमीटर मीठ-दगड गुपचूप बाहेर काढायचा. १० घनमीटरचा डंपर धरला तर साडेसहा हजार खेपा, आणि फोडलेला माल फुगतो तो वेगळाच. उपग्रहांच्या नजरेखाली हे जमवणं अवघड आहे, अशक्य म्हणता येत नाही.

फार लहान स्फोट मात्र खरोखर निसटतात. १३ मे १९९८ ला भारतानं पोखरणला एक किलोटनहून कमी क्षमतेचे दोन स्फोट केल्याचं जाहीर केलं. सुमारे ७४० किलोमीटरवरच्या, इस्लामाबादजवळच्या निलोर केंद्रावर ११ मेचे स्फोट स्वच्छ उमटले होते, १३ मेचं काहीच दिसलं नाही.

आणि भूकंपलहरी 'स्फोट झाला' एवढंच सांगतात. तो अणुस्फोट होता हे सिद्ध करायला वायू लागतो. विखंडनातून झेनॉन तयार होतो, तो कशाशीही सहज संयोग पावत नाही आणि भेगांतून वर येतो. झेनॉन-१३३ चं अर्धायुष्य सुमारे सव्वापाच दिवस, त्यामुळे घाई असते. २००६ च्या चाचणीचा झेनॉन दोनेक आठवड्यांनी थेट कॅनडातल्या यलोनाइफला सापडला. २००९ ला काहीच सापडलं नाही. २०१३ ला तब्बल ५५ दिवसांनी जपानमधल्या ताकासाकीला मिळाला, बहुधा बोगदा उघडल्यावर सुटलेला. रुग्णालयांसाठी समस्थानिक बनवणारे कारखानेही झेनॉन सोडतात, म्हणून वेगवेगळ्या समस्थानिकांचं प्रमाण आणि वाऱ्याचा उलटा मागोवा, दोन्ही जुळावं लागतं.

शेवटचा पुरावा म्हणजे जागेवर जाऊन तपासणी. करारानुसार जास्तीत जास्त १,००० चौरस किलोमीटर, म्हणजे सोलापूर जिल्ह्याच्या साधारण पंधराव्या हिश्श्याएवढा भाग तपासता येतो, आणि त्यासाठी कार्यकारी परिषदेच्या ५१ पैकी ३० सदस्यांची संमती लागते. २०१४ मध्ये जॉर्डनला याची मोठी रंगीत तालीम झाली. खरी तपासणी मात्र आजवर एकही नाही, कारण करारच अंमलात आलेला नाही.

भारत कुठे आहे

करार लागू होण्यासाठी ठरावीक ४४ देशांची मान्यता हवी. भारत, पाकिस्तान आणि उत्तर कोरियानं सहीच केलेली नाही. अमेरिका आणि चीननं सही करून मान्यता दिलेली नाही. रशियानं २००० मध्ये दिलेली मान्यता २०२३ मध्ये मागे घेतली. भारताचा १९९६ चा आक्षेप दोन बाबींवर होता: अण्वस्त्रं संपवण्याची कालमर्यादा करारात नाही, आणि भारताची इच्छा नसताना त्याला त्या ४४ मध्ये गोवलं गेलं. १९९८ नंतर भारतानं चाचण्या स्वेच्छेनं थांबवल्या आहेत.

त्यामुळे आपल्याकडे या जाळ्याचं एकही केंद्र नाही आणि व्हिएन्नाची अखंड नोंदही भारताला सदस्य म्हणून मिळत नाही. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची देशभरची यंत्रं आणि गौरीबिदनूर यांवर काम चालतं. गंमत अशी की न मिळणारी नोंद आणि न लपणारी जमीन, दोन्ही एकाच वेळी खरी आहेत. भारतातला मोठा स्फोट बाहेरच्यांना दिसतोच. आपल्याला बाहेरचे लहान स्फोट तितके चांगले दिसत नाहीत. हा सौदा आपल्या तोट्याचा आहे, असं तांत्रिक अंगानं तरी वाटतं.

स्वतः करून पाहायचं तर

महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना यासाठी व्हिएन्नाची परवानगी लागत नाही. विद्यापीठांसाठी चालवलेली जागतिक भूकंपकेंद्रं खुली आहेत. ईशान्य चीनमधलं मुदानजियांग हे केंद्र, संकेत एमडीजे, पुंगे-रीपासून ३७० किलोमीटरवर आहे. पायथनमधल्या ऑब्सपाय या मोफत संचानं त्याची उभ्या हालचालीची नोंद उतरवून घ्या: ३ सप्टेंबर २०१७, जागतिक वेळ ३ वाजून २९ मिनिटांपासून पुढची १५ मिनिटं. सेकंदाला १ ते ८ कंपनांचा पट्टा ठेवून बाकी गाळून टाका. पहिली लहर ३ वाजून ३० मिनिटांनंतर पन्नासएक सेकंदांनी सापडेल, तीक्ष्ण आणि वरच्या दिशेनं. मग त्याच अंतरावरचा, त्या भागातला एखादा नैसर्गिक भूकंप घ्या आणि दोन्हींत पी लहरीच्या तुलनेत एस लहर केवढी आहे ते पट्टी लावून मोजा.

नोंद तिथेच बंद करू नका. साडेआठ मिनिटांनी दुसरी, बरीच लहान घटना येते, तीव्रता ४.१ च्या आसपास. स्फोटानं झालेल्या पोकळीचं छत तेव्हा खाली बसलं. तिच्यात पहिली हालचाल वर जाण्याऐवजी खाली जाते आणि जलद कंपनं कमी असतात. भूकंप, स्फोट आणि कोसळणं, तिन्ही प्रकार असे एकाच पडद्यावर शेजारी ठेवून पाहता येतात.